अ‍ॅनाफिलॅक्सिस: ‘पित्त’ या शब्दाआड लपणारी आणीबाणी

अंगावर लालसर गांधी उठल्या, खाज सुटली की मराठी घरात त्याला ‘पित्त उठले’ असे म्हणतात, वाटीभर पाण्यात आमसुले कोळून ते पाणी अंगाला चोळतात आणि जुन्या पद्धतीचे घर असेल तर घोंगडी पांघरून पडून राहायला सांगतात. जेवणानंतर मळमळले, उलटी झाली, डोके जड झाले तर तेही ‘पित्तच’ असते आणि त्यावर लिंबू-सरबत किंवा कोकमाचे आगळ दिले जाते. एकाच शब्दात आपण त्वचेचे आणि पोटाचे असे दोन वेगळे त्रास कोंबले आहेत. बहुतेक वेळा दोन्ही त्रास आपोआप ओसरतात आणि श्रेय आमसुलाला मिळते, याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र गांधी उठणे आणि उलट्या होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, काही मिनिटांच्या अंतराने, विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर, सुई टोचल्यावर किंवा माशी चावल्यावर सुरू झाल्या तर ते पित्त नसून अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकते. अ‍ॅलर्जीचा हा सर्वांत गंभीर प्रकार असून त्यात उपचाराला उशीर झाला तर माणूस दगावू शकतो.

आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले आहे. कोकणातल्या एका लग्नघरी आदल्या दिवशीच्या जेवणात कोळंबी-भात होता. काकूंनी ती आयुष्यभर खाल्ली होती. पान वाढून पंधरा-वीस मिनिटे झाली असतील, तोच त्यांचे तळहात खाजू लागले, आवाज घोगरा झाला आणि त्या मागच्या पडवीत जाऊन भडाभडा ओकल्या. “उन्हातून आलीस ना, पित्त झालंय तुला, जरा तोंड धुऊन ये,” असे कोणीतरी म्हणाले. काकू उठल्या, न्हाणीघरापर्यंत चालत गेल्या आणि दारातच कोसळल्या. अंगावर म्हणावी अशी एकही गांध नव्हती. शेजारच्या वाडीतल्या डॉक्टरांनी येताच कोणाला काही न विचारता लुगड्यावरूनच मांडीत सुई दिली आणि दहा मिनिटांत त्या बोलू लागल्या. त्या दुपारी जे जे चुकले आणि जे एक बरोबर झाले, त्यात या विषयातले जवळजवळ सगळे येऊन जाते.

आधी ओळखायचे कसे ते पाहू. नियम असा, की त्वचा किंवा ओठ-जीभ यांच्यावरील लक्षणांसोबत म्हणजे गांधी, खाज, लाली, सूज यांसोबत श्वासाचा त्रास, रक्तदाब उतरल्याची लक्षणे किंवा पोटातील तीव्र कळा व वारंवार उलट्या यांपैकी काहीही एक थोड्या वेळात सुरू झाले, तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस समजून चालावे. श्वासाचा त्रास म्हणजे धाप, छातीत शिटी वाजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज बदलणे, सततचा कोरडा खोकला. रक्तदाब उतरणे म्हणजे चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, गार घाम, शुद्ध हरपणे. ज्या गोष्टीची अ‍ॅलर्जी आहे हे आधीच ठाऊक आहे किंवा तशी दाट शक्यता आहे, तिच्याशी संपर्क आल्यावर नुसता रक्तदाब कोसळला किंवा नुसता घसा वा श्वासनलिका आवळली तरी निदान तेच. अंगावर काहीच दिसत नाही म्हणून अ‍ॅलर्जी नाही, हा समज सर्वांत घातक आहे, कारण दहा ते वीस टक्के रुग्णांमध्ये त्वचेवर लक्षणे उमटतच नाहीत किंवा कोणाच्या लक्षात येत नाहीत. लहान बाळाला तर बोलता येत नाही. ते एकाएकी मलूल पडते, किरकिरते किंवा पांढरेफटक होते. पुष्कळ मोठी माणसे नंतर सांगतात की, शरीरावर काही दिसण्याच्या आधीच ‘आता आपले काही खरे नाही’ अशी भीती मनात दाटून आली होती. वैद्यकाच्या पुस्तकांत या भीतीची नोंद लक्षण म्हणूनच केलेली आहे. तेव्हा कोणी तसे बोलून दाखवले, तर त्याला घाबरट ठरवू नये.

शरीरात हे घडते कसे, याची गोष्ट एका बोटीवर सुरू होते. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याच्या बोटीवरून समुद्रसफरीला गेलेले शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या म्हणजे सी अ‍ॅनिमोनीच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. विषाची थोडी मात्रा आधी दिली तर प्राण्याला त्याची सवय होईल आणि पुढची मात्रा तो पचवेल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. पहिल्या मात्रेतून सहीसलामत वाचलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष अगदी थोडे दिले, तेव्हा त्याला लगेच धाप लागली, उलट्या झाल्या आणि अर्ध्या तासाच्या आत त्याचा प्राण गेला. ग्रीक भाषेत ‘फिलॅक्सिस’ म्हणजे संरक्षण. संरक्षणाच्या उलट ते अ‍ॅनाफिलॅक्सिस, असे नाव त्यांनी १९०२ मध्ये दिले आणि या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यामागचा दुवा सापडायला आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील संशोधक यांनी १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे आयजीई नावाचे प्रतिपिंड शोधले. अ‍ॅलर्जी होणाऱ्या माणसाचे शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला, समजा कोळंबीतल्या, शत्रू मानते आणि त्याच्या विरोधात हे प्रतिपिंड तयार करते. ते जाऊन मास्ट पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात. या पेशी त्वचा, श्वासनलिका, आतडी यांच्या अस्तरात आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती ठाण मांडून असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन व इतर रसायनांचे कण ठासून भरलेले असतात. ही सगळी तयारी चालू असताना माणसाला काहीच जाणवत नाही. पुढे कधीतरी तेच प्रथिन पुन्हा येते, पेशींवरच्या प्रतिपिंडांना जोडले जाते आणि सगळ्या पेशी एकदम आपले कोठार उघडतात. म्हणूनच “आजवर इतक्यांदा खाल्लं, कधी काही झालं नाही” हा युक्तिवाद इथे लटका पडतो. काही न झाल्याच्या त्या वेळांमध्येच तयारी झालेली असू शकते.

कोठारे उघडल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपते. तीव्र झटक्यात दहा मिनिटांच्या आत वाहिन्यांमधील सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत द्रव असा उतींमध्ये निघून जाऊ शकतो. रक्ताचा एक थेंबही जमिनीवर न सांडता मोठा रक्तस्राव व्हावा, तशी ही अवस्था असते. त्याच वेळी श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. लक्षणे शरीराच्या निरनिराळ्या भागांत एकदम का दिसतात आणि एका भागापुरता उपचार का पुरत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

हा प्रकार किती आढळतो? बहुतेक आकडे युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले आहेत. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण ५० ते ११२ घटना होतात आणि आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येणाऱ्यांचे प्रमाण ०.३ ते ५.१ टक्के आहे. ही दरी मोठी आहे, कारण व्याख्या आणि मोजण्याची पद्धत देशागणिक, अभ्यासागणिक बदलते. ब्रिटनमध्ये अन्नाच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत तिपटीहून अधिक वाढले, पण त्याच काळात दाखल झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ०.१९ टक्क्यांवर आले. वेळेत ओळखले आणि उपचार केले तर बहुतांश माणसे वाचतात. म्हणूनच उशिरामुळे होणारा मृत्यू अधिक बोचतो.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातला एक अभ्यास मला या सगळ्यांहून बोलका वाटतो. बंगळूर आणि म्हैसूर इथल्या प्रौढांच्या पाहणीत एक चतुर्थांशाहून अधिक, म्हणजे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले, पण खरीखुरी अन्नाची अ‍ॅलर्जी फक्त १.२ टक्के लोकांना होती. शंभर पदार्थांची यादी असलेली रक्ततपासणी करून घेऊन, अहवालात लाल अक्षरांत आलेले दूध, गहू, तूरडाळ, वांगी असे सगळे ताटातून हद्दपार करणारी माणसे हल्ली बरीच भेटतात. तपासणी होकारार्थी येणे आणि अ‍ॅलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कशामुळे काय झाले, किती वेळात झाले, ही हकीकत नीट ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांना या तपासण्यांचा उपयोग होतो. हकीकतीवाचून त्या दिशाभूल करतात.

कारणांपैकी तीन महत्त्वाची: अन्न, कीटकदंश आणि औषधे. अन्नात मुलांमध्ये दूध, अंडे, शेंगदाणा, काजूसारखी कवचफळे आणि मोठ्यांमध्ये कोळंबी-खेकडे अधिक दिसतात. भारतात हरभऱ्याच्या, म्हणजे बेसनाच्या अ‍ॅलर्जीचीही नोंद आहे. काही जणांना गहू खाऊन नुसते बसले तर काही होत नाही, पण खाल्ल्यावर तासा-दोन तासांत धावायला गेले की झटका येतो. दारू, तापाच्या व अंगदुखीच्या काही गोळ्या आणि चालू असलेला ताप यांनीही झटक्याची तीव्रता वाढते. औषधांत प्रतिजैविके आणि वेदनाशामके पुढे आहेत. त्यांच्या बाबतीत ‘टेस्ट डोसला काही झाले नाही’ या आश्वासनावर विसंबून चालत नाही. लसींचे भय मात्र अवाजवी आहे. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दर दहा लाख मात्रांमागे सुमारे १.३ इतकेच प्रमाण आढळले. लस टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात ते त्या एखाद-दुसऱ्यासाठीच.

कीटकांविषयी एक भेद सांगायला हवा. सह्याद्रीतल्या गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी लटकत असतात आणि धूर, तीव्र वास किंवा आरडाओरडा यांनी ती उठली तर एकाच माणसाला शेकडो डंख बसतात. तिथे माणूस दगावतो तो अनेकदा विषाच्या मात्रेमुळे, अ‍ॅलर्जी नसतानाही. गांधीलमाशीच्या एकाच डंखाने पाच-दहा मिनिटांत कोणी कोसळला, तर ती अ‍ॅलर्जी. डंखाच्या जागी हात कोपरापर्यंत सुजला, पण बाकी माणूस ठीक आहे, तर ती स्थानिक सूज होय आणि ती अ‍ॅनाफिलॅक्सिस नव्हे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणखी एक प्रसंग येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये ते अनेक दशके बनत आले आहे. घोड्याची प्रथिने माणसाच्या शिरेत जात असल्याने त्याची तीव्र प्रतिक्रिया येणे हे नवलाचे नाही. श्रीलंकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारावर सर्पदंश रुग्णांच्या चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना कमी-अधिक प्रतिक्रिया आली आणि प्रतिविषाच्या आधी अ‍ॅड्रेनालिनची, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसवरच्या मुख्य औषधाची, लहान मात्रा त्वचेखाली दिल्याने तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय घटल्या. या भीतीने प्रतिविषच नाकारणे म्हणजे सापाच्या हाती जीव देणे; अ‍ॅड्रेनालिन भरून शेजारी ठेवायचे आणि प्रतिविष सुरू करायचे, हाच मार्ग आहे.

आता उपचार. तो एकच आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या मागून येते. अ‍ॅड्रेनालिनची काचेची कुपी करंगळीएवढी असते, बहुधा गडद तपकिरी, कारण प्रकाशाने हे औषध बिघडते. आत १ मिलिलिटर रंगहीन पाणी आणि त्यात १ मिलिग्रॅम औषध. प्रौढाला त्यातले निम्मे, म्हणजे ०.५ मिलिलिटर, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत खोल द्यायचे. मुलांना वजनाच्या हिशेबाने, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर तीच मात्रा पुन्हा. किंमत चहा-वड्याच्या खर्चात बसणारी आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

या एका औषधाने सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वर येतो, घशाची सूज उतरते, हृदय जोर धरते, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या होतात आणि मास्ट पेशींचे कोठार रिकामे होणेही मंदावते. वर सांगितलेल्या प्रत्येक बिघाडाला उलट दिशेने ढकलणारे दुसरे औषध नाही. जागेलाही महत्त्व आहे. मुलांवरील एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिल्यावर रक्तातील पातळी सरासरी आठ मिनिटांत शिगेला पोहोचली, तर त्वचेखाली दिल्यावर त्याला चौतीस मिनिटे लागली. ब्रिटनमधील मृत्यूंच्या एका जुन्या पाहणीत हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा काळ शिरेतून वगैरे दिलेल्या औषधांच्या बाबतीत साधारण ५ मिनिटे, कीटकदंशात १५ आणि अन्नात ३० मिनिटे असा आढळला. हे आकडे शेजारी ठेवले की त्वचेखालची सुई का चालत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

असे असताना आपल्याकडे ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हटले की हात पहिल्यांदा जातो तो अ‍ॅव्हिल आणि डेक्साच्या सुईकडे. अ‍ॅव्हिल हे अँटिहिस्टामिन आहे. ते खाज आणि गांधी कमी करते, पण कोसळलेला रक्तदाब उचलत नाही आणि सुजलेला घसा उघडत नाही. डेक्सा हे स्टिरॉइड असून त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात. गांधी विरल्या, माणूस झोपाळला, म्हणजे बरे वाटले असा समज होतो आणि मोलाची मिनिटे निघून जातात. ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेने २०२१ मध्ये पहिल्या उपचारांच्या क्रमातून ही दोन्ही औषधे काढूनच टाकली. अ‍ॅड्रेनालिन मागे पडते ते भीतीपोटी: हृदयावर ताण येईल, वयस्कर माणसाला सोसणार नाही, सुई दिल्यावर काही झाले तर नातेवाईक दवाखाना फोडतील. शेवटची भीती निराधार आहे असे मला म्हणता येणार नाही. पण योग्य मात्रेत स्नायूत दिलेल्या अ‍ॅड्रेनालिनने थोडा वेळ छाती धडधडते, हात कापतात, चेहरा पांढरा पडतो, इतकेच. धोका असतो तो शिरेत चुकीची मात्रा गेल्यावर, आणि ते काम अतिदक्षता विभागातल्या अनुभवी माणसांचे. वृद्धापकाळ किंवा हृदयविकार यांमुळेही स्नायूतली ही सुई टाळायची नसते.

काकू कोसळल्या तो क्षण पुन्हा आठवतो. त्या बसलेल्या होत्या तोवर शुद्धीत होत्या. उभ्या राहून चालल्या आणि पडल्या. वाहिन्यांतले पाणी आधीच निघून गेलेले असते, अशा वेळी उभे राहिले की उरलेले रक्त पायांत साचते आणि हृदयाला भरायलाच काही उरत नाही. एकदम उठवून बसवल्याने किंवा उभे केल्याने काही सेकंदांत मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकाच्या नोंदींत आहेत. म्हणून रुग्णाला सपाट निजवावे, पायांखाली उशी किंवा गाठोडे द्यावे. धाप लागत असेल तर पाय लांब पसरून बसू द्यावे. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर आणि ओकणाऱ्याला कुशीवर निजवावे. तोंड धुवायला, फेऱ्या मारायला, गाडीपर्यंत चालत जायला लावू नये. पाणी किंवा सरबत पाजू नये, कारण सुजलेल्या घशातून ते श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करताना ‘चक्कर आली’ असे मोघम न सांगता अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका आणि श्वासाचा त्रास असे स्पष्ट सांगावे.

परदेशात असे रुग्ण स्वतःजवळ ऑटोइंजेक्टर बाळगतात. ते पेनासारखे असते आणि कपड्यावरूनच मांडीत दाबले की ठरावीक मात्रा आत जाते. अमेरिकेत २०२४ मध्ये नाकात मारायच्या फवाऱ्यालाही मान्यता मिळाली. भारतात ही साधने औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. मागवावी लागतात आणि महाग पडतात. इथल्या अनेक अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी काढलेली वाट साधी आहे: कुपी, सिरिंज आणि सुई यांचा लहानसा डबा, त्यावर मात्रा स्पष्ट लिहिलेली, आणि घरातल्या दोघांना सुई भरण्याची व देण्याची रंगीत तालीम. डबा फ्रीजमध्ये न ठेवता साध्या तापमानाला, उन्हापासून दूर ठेवावा. उभ्या गाडीत तर मुळीच विसरू नये. कुपीतले पाणी तपकिरी झाले किंवा मुदत संपली की ती बदलावी. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांनी हे सगळे आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. इतरांनी जवळच्या दवाखान्यात कुपी असते का, एवढे विचारून ठेवायला हरकत नाही.

बरे वाटले तरी लगेच घरी जाऊ नये. काही रुग्णांमध्ये, साधारण वीसात एकाला, काही तासांनी पुन्हा संपर्क न येताच दुसरी लाट येते. क्वचित ती ७२ तासांपर्यंतही येते. त्यामुळे रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहणे आवश्यक असते, आणि दुसऱ्या मात्रेची गरज पडली असेल किंवा घर दूर असेल तर रात्रभर. सुटी देताना कागदावर ‘रिअ‍ॅक्शन’ एवढेच न लिहिता संशयित पदार्थाचे किंवा औषधाचे पूर्ण नाव लिहून मागावे आणि ते पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवावे. पाकीटबंद पदार्थांवर भारतात ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत. अमेरिकेत तिळाचा समावेश १ जानेवारी २०२३ पासून झाला. तेव्हा तिळाची किंवा बेसनाची अ‍ॅलर्जी असलेल्याने भारतात ठळक अक्षरांतल्या सूचनेवर न थांबता घटकांची बारीक अक्षरांतली पूर्ण यादी वाचावी, आणि हलवायाच्या दुकानात, जिथे यादीच नसते, तिथे विचारून घ्यावे.